शब्दकल्पतरू आणि हेडर फाइल



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले गुरुजी सकाळी गणित शिकवीत आणि दुपारी मराठी. संयोजकांनी मला विषयाचे स्वातंत्र्य दिले, पण दोन्ही विषयांना स्पर्श होईल असे काही निवडावे, अशी इच्छाही प्रकट केली. माझे सारे आयुष्य मराठी शिकविण्यात गेले. प्रबंध लिहिला तो बडोदे संस्थानच्या कारभारी परिभाषेवर. असा मनुष्य मायक्रोकंट्रोलरच्या कंपायलरसाठी लिहिल्या जाणाऱ्या हेडर फाइलविषयी बोलणार, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काही जणांना ती छपाईची चूक वाटली असेल. ती चूक नव्हे. या विषयाकडे मी आलो तो शब्दांच्या वाटेने, आणि त्याच वाटेने तुम्हांलाही नेणार आहे. सभागृहात अभियंते असतील, त्यांनी प्राथमिक गोष्टी थोडा वेळ सोसाव्यात.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चकतीत मावलेला छोटा संगणक. पादऱ्याच्या भाजीबाजारातला इलेक्ट्रॉनिक काटा, घरातले कपडे धुण्याचे यंत्र, शेतावरच्या मोटारीची पेटी, या सर्वांत तो असतो. या घराण्यातला सर्वांत नावाजलेला पुरुष म्हणजे ८०५१. इंटेल कंपनीने तो १९८० साली काढला. त्याची कामापुरती स्मृती अवघी १२८ बाइटांची आणि आज्ञावली साठविण्याची जागा चार किलोबाइट. एवढ्या संसारात त्याने जगभर चाकरी केली. इंटेलने स्वतः त्याचे उत्पादन २००७ मध्ये थांबविले, तरी त्याच वळणाच्या चिपा इतर कंपन्या आजही बनवितात.

या चिपेला हुकूम द्यावयाचे ते बहुधा सी भाषेत. ही भाषा बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी घडविली. सीमध्ये लिहिलेले चिपेच्या अंकभाषेत उतरवून देणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. आता अडचण अशी की, सी भाषा जन्मली मोठ्या यंत्रांवर. या चिमुकल्या चिपेत काही विशेष घरे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. अशा घरात आकडा ठेवला की बाहेरच्या तारेवर वीज येते किंवा जाते. घराचा क्रमांक चिप बनविणारा ठरवितो. ८०५१ च्या 'पोर्ट एक'चा क्रमांक सोळाच्या पायावर मोजल्यास ९०, म्हणजे आपल्या रोजच्या मोजणीत १४४. ही वस्तुस्थिती आहे. त्यात मतभेदाला जागा नाही. परंतु 'पी-एक या नावाचे घर १४४ क्रमांकावर आहे' हे वाक्य म्हणण्याची सोय मूळ सी भाषेत नाही. म्हणून प्रत्येक कंपायलरकाराने त्यासाठी आपापला शब्द पाडला.

काइल या मूळच्या जर्मन कंपनीचा कंपायलर आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांत फार चालला. त्याच्यात लिहितात : 'एसएफआर', मग घराचे नाव, मग बरोबरीचे चिन्ह, मग क्रमांक. दुसरा एसडीसीसी. हा संदीप दत्ता यांनी सुरू केलेला, कोणालाही मोफत मिळणारा आणि ज्याची घडण उघडी आहे असा. त्याच्यात 'एसएफआर'च्या आधी दोन अधोरेषा, मग 'ॲट', त्याच्याही आधी दोन अधोरेषा, मग क्रमांक कंसात, आणि नाव शेवटी. बरोबरीचे चिन्ह नाहीच. घर तेच, क्रमांक तोच, वाक्य मात्र निराळे. एकाचे वाक्य दुसऱ्याला दिले तर तो ते चुकीचे ठरवून काम थांबवितो. मनुष्य दुभाषी असता तर त्याने संदर्भाने अर्थ लावला असता.

एसडीसीसीच्या अधोरेषांचे थोडे सांगतो, कारण त्यात भाषेच्या शिष्टाचाराचा एक मुद्दा आहे. दोन अधोरेषांनी आरंभ होणारी नावे सीच्या प्रमाण नियमांनी कंपायलरकारांसाठी राखून ठेवली आहेत. सामान्य लेखकाने ती वापरू नयेत. पूर्वी एसडीसीसीही 'ॲट', 'बिट', 'डेटा' असे उघडे शब्द आपले म्हणून वापरीत असे. पण 'डेटा' हे नाव कोणीही आपल्या आज्ञावलीत सहज ठेवील! मग लेखकाचा शब्द आणि दुभाष्याचा शब्द एकमेकांच्या अंगावर येत. पुढे त्यांनी आपले शब्द राखीव आळीत नेले.

ही सारी घरांची यादी प्रत्येक आज्ञावलीत पुन्हा पुन्हा लिहावी लागू नये म्हणून ती एका वेगळ्या फाइलीत ठेवतात आणि आज्ञावलीच्या माथ्यावर 'अमुक फाइल येथे आणून वाचावी' एवढी एक ओळ लिहितात. माथ्यावर आणली जाते म्हणून ती हेडर फाइल. 'शीर्षपत्रिका' असा प्रतिशब्द सुचविण्याचा मोह मला झाला होता. पण कारखान्यातल्या मुलांनी हेडर हा शब्द असा काही आपलासा केला आहे की तो हिसकावून घेण्यात शहाणपण नाही. एकच फाइल चुकून दोनदा आणली गेली तर एकाच नावाची दोनदा व्याख्या होऊन घोटाळा होतो. त्यासाठी फाइलीच्या आरंभी एक खूण ठेवतात : ही खूण आधीच आढळली तर पुढचे सारे गाळावे. हजेरीपटावर एका मुलाचे नाव दोनदा लागू नये, तशी ती व्यवस्था.

आता यात पणाला काय लागले आहे ते सांगितले पाहिजे. याच शाळेतून बाहेर पडलेला एक तरुण माझ्याकडे नेहमी येतो. त्याची लहानशी कार्यशाळा आहे. शेतावरची मोटार जळू नये, एक फेज गेली किंवा विहिरीतले पाणी तळाला गेले तर ती आपोआप बंद व्हावी, अशा पेट्या तो बनवितो. २०२१ साली जगभर चिपांचा दुष्काळ पडला, तेव्हा त्याची नेहमीची चिप मिळेना. दुसऱ्या घराण्यातली एक चिप हाताशी होती, पण तिच्यासाठी कंपायलर निराळा. आज्ञावली उघडून पाहतो तो पानोपानी जुन्या कंपायलरचे खासगी शब्द. ज्याने ती लिहिली तो गृहस्थ केव्हाच नोकरी सोडून गेला होता आणि जुन्या कंपायलरचा परवाना एका जुनाट संगणकाला बांधलेला. मोटार केव्हा सुरू करावी, किती वेळ वाट पाहावी, केव्हा बंद करावी, ही त्या पेटीची खरी बुद्धी दोन-अडीच पानांत मावणारी होती आणि ती त्याला तोंडपाठ होती. तरीही सारे पुन्हा लिहिण्यात दोन पावसाळे गेले. त्या काळात दोन कारागिरांना त्याला रजा द्यावी लागली. बुद्धी त्याच्या मालकीची होती; ती ज्या शब्दांत बांधली होती ते शब्द दुसऱ्याचे होते.

त्याची ही हकीगत ऐकताना मला माझ्या प्रबंधातले एक जुने प्रकरण आठवले. बडोद्याचे राज्य हे भाषांच्या दृष्टीने मोठे चमत्कारिक राज्य होते. राजा मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती, वरिष्ठ सरकारशी पत्रव्यवहार इंग्रजीत आणि दफ्तरातले निम्मे शब्द फारसी वळणाचे. एखादा कायदा इंग्रजीत योजावा, गुजरातीत जाहीर करावा आणि मराठी कारकुनाने त्यावर शेरा मारावा. तिन्ही ठिकाणी एकाच गोष्टीला तीन नावे पडली की वाद उभा राही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी यावर जो उपाय करविला तो 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' या नावाने १९३१ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी संज्ञा प्रथम आणि तिच्यासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द, असा तो आठ भाषांचा कोश. त्यातले सगळेच शब्द रुळले असे नाही. काही कोशातच राहिले. पण त्याची मांडणी पाहा. आडवी ओळ म्हणजे एक संकल्पना, उभा रकाना म्हणजे एक भाषा.

शिवकालात रघुनाथपंडितांचा राज्यव्यवहारकोश झाला तो निराळ्या हेतूने. फारसी शब्द काढून त्या जागी संस्कृत शब्द बसवावेत, हे त्याचे कार्य. तो बदली करणारा कोश होता. कल्पतरू कोणालाच बदलून टाकीत नाही. तो सर्वांना एका ओळीत शेजारी बसवितो. माझ्या मते सुवाह्य, म्हणजे इकडून तिकडे नेता येणारी, हेडर फाइल या दुसऱ्या कुळातली आहे.

ती कशी, ते पाहू. एसडीसीसीबरोबर 'कंपायलर डॉट एच' या नावाची एक छोटी फाइल मिळते. तिची युक्ती अशी. यादी लिहिणाऱ्याने कोणत्याही कंपायलरचा खासगी शब्द वापरावयाचाच नाही. त्याने फक्त म्हणावयाचे : 'घर, नाव पी-एक, क्रमांक ९०.' घरातल्या एखाद्या सुट्या तारेविषयी बोलावयाचे असेल तर नाव, घराचा क्रमांक आणि तारेचा अनुक्रम. बस्स, वस्तुस्थितीपलीकडे एक अक्षर नाही. मग 'कंपायलर डॉट एच' समोरच्या दुभाष्याला विचारते, 'आपण कोण?' प्रत्येक कंपायलर आपल्या ओळखीची एक खूण आधीपासून बाळगून असतो. काइल असेल तर ते साधे विधान काइलच्या वाक्यात उलगडते, एसडीसीसी असेल तर त्याच्या, आयएआर किंवा रेझोनन्सचा असेल तर त्यांच्या. कोणाचीच ओळख पटली नाही, तर ते नाव एक साधे नाव मानून निदान वाचन अडणार नाही एवढी सोय ती करते. कल्पतरूचीच ही मांडणी. फरक इतकाच की, कोशात आठही रकाने वाचकासमोर राहतात, येथे एक रकाना ठेवून बाकीचे भाषांतराआधीच गाळले जातात.

यातला विवेक मला फार मोलाचा वाटतो. जे चिपेविषयी सत्य आहे ते एका फाइलीत आणि जे दुभाष्याच्या बोलीविषयी आहे ते दुसरीत. उद्या नवा कंपायलर आला तर बोलीच्या फाइलीत एक रकाना वाढेल. शेकडो घरांची यादी जशीच्या तशी राहील. आणि कंपायलर येतात-जातात, कंपन्यांची नावेही बदलतात. काइल कंपनी २००५ मध्ये आर्म कंपनीने घेतली. फिलिप्सचा अर्धवाहक विभाग २००६ मध्ये एनएक्सपी झाला. ॲटमेल २०१६ मध्ये मायक्रोचिपमध्ये विलीन झाली. जुन्या हेडर फाइलींच्या माथ्यावर या गत कंपन्यांची नावे अजून दिसतात, देवळाच्या पायरीवरच्या दात्यांच्या नावांसारखी.

आता मापाचा प्रश्न. सी भाषेत पूर्णांक ठेवण्याच्या भांड्याला 'इंट' म्हणतात. ते किती मोठे? आपल्या बाजारातला 'मण' किती मोठा, तसाच हा प्रश्न आहे. पादऱ्याचा व्यापारी मण म्हणतो तेव्हा तो वीस किलो मोजतो. माझे आजोबा मण म्हणत तेव्हा चाळीस शेर, म्हणजे सदतीस किलोंच्या आसपास. दोघेही आपापल्या जागी खरे. ८०५१ च्या कंपायलरांत 'इंट' सोळा बिटांचा, त्यात ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो. टेबलावरच्या संगणकात तोच 'इंट' बहुधा बत्तीस बिटांचा आणि दोनशे कोटींच्या पुढे जातो. संगणकावर पारखलेला हिशेब चिपेवर गेला की तीस हजारांत दहा हजार मिळवताना भांडे उतू जाते आणि बेरीज उणे आकड्यात निघते. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणग्रंथाने यासाठी एक हेडर नेमून दिले. त्यात मापे नावातच सांगितली आहेत : आठ बिटांचा, सोळा बिटांचा, बत्तीस बिटांचा, चिन्हासहित किंवा चिन्हाविना. मण म्हणू नका, वीस किलो म्हणा. ज्या जुन्या कंपायलरजवळ हे हेडर नसेल त्याच्यासाठी तेवढीच नावे आपल्या बोलीच्या फाइलीत घालावीत आणि पुढे सर्वत्र तीच वापरावीत.

याहून सूक्ष्म गोष्ट क्रमाची. मराठी माणूस 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच नंतर. इंग्रज बोलतानाही वीस आधी म्हणतो. सोळा बिटांचा आकडा आठ-आठ बिटांच्या दोन घरांत ठेवताना असाच प्रश्न उभा राहतो : मोठा भाग आधी की लहान? ८०५१ साठी काइल मोठा भाग आधी ठेवतो आणि एसडीसीसी लहान. एकाच चिपेवर, एकाच आज्ञावलीतून हा भेद निघतो. एकाने कायम स्मृतीत लिहून ठेवलेला आकडा दुसऱ्याने वाचला तर २५६ चा १ होतो. कंपायलर येथे काही तक्रार करीत नाही, कारण व्याकरण शुद्धच असते. म्हणून बाहेर जाणारा किंवा कायम राहणारा आकडा दोन घरांत स्वतः फोडून, क्रम ठरवून ठेवावा. दुभाष्याच्या सवयीवर सोडू नये. माझ्या त्या तरुणाच्या पेटीत मोटारीचे चाललेले तास असेच साठविलेले होते. नवी आज्ञावली घातली आणि आठवड्यापूर्वीची मोटार एकाएकी म्हातारी दिसू लागली, तेव्हा हा भेद त्याच्या ध्यानी आला.

आमच्या व्याकरणपरंपरेत संज्ञा आधी सांगून मग नियम सांगण्याची रीत आहे. पाणिनीने आरंभीच वृद्धी, गुण या संज्ञा बांधून घेतल्या आणि पुढे सर्व अष्टाध्यायीत त्या वापरल्या. तुलना मनोरंजक आहे, पण 'आमच्याकडे सारे आधीच होते' असे म्हणणाऱ्यांत मी नाही. पाणिनीला एकच भाषा नेमकी सांगावयाची होती. सयाजीरावांच्या कोशकारांना आठ भाषांत एक अर्थ टिकवावयाचा होता. हेडर लिहिणाऱ्याचे दुःख दुसऱ्या प्रकारचे आहे.

येथवर चिप एकच होती, दुभाषी अनेक होते. चिपच बदलली तर? याचे एक सुरेख उदाहरण मुंबईत पवईला आहे. आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागात ई-यंत्र हा उपक्रम चालतो. त्यातून देशभरच्या महाविद्यालयांत 'फायर बर्ड पाच' नावाचा चाकांवर चालणारा छोटा यंत्रमानव पोहोचला. त्याची गंमत अशी की, शरीर तेच ठेवून मेंदूची पाटी बदलता येते. एका पाटीवर एव्हीआर घराण्याची एटमेगा २५६०, दुसरीवर ८०५१ च्या घराण्याची पी८९व्ही५१आरडी२, तिसरीवर आर्म घराण्याची बत्तीस बिटी एलपीसी २१४८.

एका तारेवर वीज सोडून भोंगा वाजवावयाचा आहे, असे समजा. ८०५१ म्हणते, घरात एक लिहा, संपले. एव्हीआर म्हणते, आधी दिशेच्या घरात सांगा की ही तार बाहेर जाणारी आहे, मग दुसऱ्या घरात एक लिहा. एलपीसीलाही दिशा सांगावी लागते. शिवाय तिच्याकडे चालू करण्याचे घर वेगळे आणि बंद करण्याचे वेगळे. चालू करण्याच्या घरात शून्य लिहिले तर काहीच होत नाही. उलट ८०५१ ला दिशेचे घरच नाही; तार ऐकण्यासाठी वापरावयाची तर तिच्यात आधी एक लिहून ठेवावा लागतो. येथे नाव आणि क्रमांक यांची यादी पुरत नाही. हेडरमध्ये आणखी वरचा थर लागतो : 'भोंगा चालू', 'भोंगा बंद', 'तार ऐकण्यास सज्ज'. आज्ञावलीने एवढेच म्हणावे आणि खालच्या तीन फाइलींनी आपापल्या रीतीने ते पार पाडावे. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे की, भाषांतर शब्दाचे करू नका, आशयाचे करा. अभियंता असतो तर हेच निराळ्या खोलीत सांगितले असते.

सर्वच भेद हेडरने झाकता येतात असे मात्र नाही. हातातले काम बाजूला ठेवून ताबडतोब करावयाच्या कामाला व्यत्यय-फलन म्हणू. ते जाहीर करण्याची वाक्ये तर प्रत्येकाची निराळी आहेतच, पण एसडीसीसीची आणखी एक अट आहे : मुख्य फलन ज्या फाइलीत असेल तेथे त्या व्यत्यय-फलनाची पूर्वसूचना दिसली पाहिजे. ८०५१ मध्ये स्मृतीचे आतली, बाहेरची आणि आज्ञावलीची असे वेगळे वाडे आहेत आणि कोणती वस्तू कोठे ठेवावी हे शब्दाने सांगावे लागते. आर्मला तो शब्द निरर्थक. तेथे तो शब्द हेडरमध्ये रिकामा ठेवतात, म्हणजे वाचताना तो नाहीसा होतो. हे चालते. पण १२८ बाइटांच्या संसाराची काटकसर रिकाम्या शब्दाने शिकविता येत नाही. जेथे भेद खरा आहे तेथे तो उघड्यावर, वेगळ्या फाइलीत, टीप लिहून ठेवावा. सारे एकसारखे दिसावे म्हणून शंभर अटी एकात एक गुंफणारे हेडर मी पाहिले आहे. ते वाचणे दुर्बोध नवकवितेहून कठीण होते आणि आनंद काही देत नव्हते.

त्या तरुणाने आता आपली पेटी तीन भागांत लिहिली आहे : घरांची यादी, बोलीची फाइल आणि मोटारीची बुद्धी. पहिल्या दोन फाइलींतल्या टिपा त्याने गुजरातीत आणि मराठीत लिहिल्या आहेत, कारण कार्यशाळेत दोन्ही भाषा चालतात. त्यांची एक छापील प्रत त्याने शाळेच्या ग्रंथालयाला दिली आहे. प्रयोगशाळेच्या खिडकीजवळच्या कपाटात ती ठेवली आहे. ज्यांना रस असेल त्यांनी ती जरूर पाहावी. आचार्यांच्या परवानगीने मी शब्दकल्पतरूच्या काही पानांच्या नकलाही तिच्याशेजारी ठेविल्या आहेत.